रोज सकाळी पोट दुखतं, रिपोर्ट नॉर्मल. मुलगी नाटक करते का?

आठवीतली मुलगी, सहा आठवड्यांपासून शाळा बंद, सोनोग्राफी साफ, गॅदरिंगच्या नाचातूनही नाव काढलं. काका म्हणतात नाटक, आजी म्हणते बाहेरचं. नेमकं काय, असं तुम्ही विचारलंय.

'नाटक' या शब्दाशी माझं जुनं वैर आहे, म्हणून लिहितो. भीतीनं पोटात खरीच कळ येते. सोनोग्राफीत ती दिसत नाही. शाळेची गाडी निघून गेली की कळ उतरते, रविवारी येतच नाही. लोक नेमका हाच नाटकाचा पुरावा धरतात. अहो, ज्याची भीती ते रविवारी नसतंच!

बाहेरचं बघण्याआधी रक्त बघा. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्याच्या कळा पोटातही येतात. आरोग्य केंद्रात त्याची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी होते. पॉझिटिव्ह आली तर आजार आहे की मुलगी नुसती वाहक आहे हे सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तचाचणी करूनच काय ते ठरवा.

त्यात काही निघालं नाही, तर 'बरी झाली की पाठवू' हे सोडा. घरी बसल्यानं भीती मुरते. दुसरी चूक, सोमवारी एकदम पूर्ण दिवस पाठवायचं. अकराला फोन येतो, बाप वावरातून गाडी काढून घेऊन येतो, आणि दुखलं की सुटका हे पोट शिकतं. त्यापेक्षा गुरुवारी सुरू करा, लगेच रविवार येतो. दोन दिवस गणवेश घालून फाटकापर्यंत, दहा मिनिटं थांबून परत. मग परिपाठ आणि एक तास. दर दोन-तीन दिवसांनी एक तास वाढवा. दुखलं तर ठरलेल्या मॅडमजवळ दहा मिनिटं बसायचं आणि पुन्हा वर्गात. घरी फोन नाही. घरी राहिली तर शाळेच्या वेळात मोबाइल-टीव्ही बंद, पण बोलणी खायला लावू नका. एखादा दिवस फसला तर एकच पायरी मागे या.

दोन आठवड्यांत काहीच सरकलं नाही, किंवा जेवण-झोप तुटली, तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी न्या, आणि फवारणीचं औषध घरात ठेवूच नका.

हे खरं तर आधी लिहायचं होतं: पाठवण्यापूर्वी तिला एकटीला विचारा, गाडीत, स्टँडवर, वर्गात कोणी छळतं का, संडासाला दार आहे का. अंगाला हात लावण्याचं काही निघालं तर पायऱ्या-बियऱ्या राहू द्या. मुलांची हेल्पलाइन 1098 लावा, पोलिसात पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, तक्रार द्या.

आणि काकांना विचारा, नाटकच करायचं होतं तर पोरीनं गॅदरिंग कशाला सोडलं?