नुसता घशात स्प्रे मारून एंडोस्कोपी सहन होते का?

तुम्ही विचारलंय की झोपेचं इंजेक्शन न घेता फक्त घसा बधिर करून एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून पोट आतून बघणं) केली तर काहीच कळत नाही हे खरं आहे का. नाही, कळतं. दुखत नाही, पण नळी आत जातेय हे कळतं आणि उमासेही येतात. मी दोनदा केलीये अशी आणि दोन्ही वेळी फरक पडला तो औषधाला किती वेळ दिला त्याचा.

पहिल्या वेळी स्प्रे मारला आणि अर्ध्या मिनिटात नळी घशात, औषध चढलंच नव्हतं, इतक्या ओकाऱ्या आल्या की डोळ्यातून पाणी. दुसऱ्या वेळी सिस्टरांनी जीभ बाहेर काढून आ करायला लावलं, अगदी मागे पडजिभेपाशी फवारे मारले, म्हणाल्या थुंकू नका, सावकाश गिळा, आणि मग चांगली चार-पाच मिनिटं थांबल्या. औषध लिग्नोकेन असतं, दातांच्या डॉक्टरांकडे वापरतात तेच. १० टक्क्यांच्या स्प्रेत एका फवाऱ्याला साधारण १० मिलिग्रॅम. चव भयंकर कडू. काही ठिकाणी जेलीसारखं घट्ट औषध घशात धरायला देतात, तेही चालतं.

आता जे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं ते सांगते. घसा बधिर झाला की तो सुजलाय, आत गोळा अडकलाय असं वाटतं, आवंढा गिळला तरी गिळल्यासारखं वाटत नाही. मी खरंच घाबरले, म्हटलं आता श्वास अडकणार. सिस्टरांनी माझाच हात धरून माझ्या नाकासमोर ठेवला, "ताई बघा, गरम हवा लागतेय ना?" लागत होती. श्वास व्यवस्थित चालू असतो हो, फक्त घशाला कळत नसतं, म्हणजे औषध लागू पडलंय. पण अंगावर पुरळ आलं किंवा खरंच धाप लागली तर लगेच सांगायचं.

नळी साधारण करंगळीएवढी जाड असते, सगळ्यात वाईट क्षण ती घशाच्या मागून खाली उतरतानाचा, तेवढे काही सेकंद काढले की पुढे बरंच सोपं जातं. डाव्या कुशीवर झोपवतात, तेव्हा लाळ गिळायला जाऊ नका, गालावरून वाहू द्या, त्यासाठीच खाली टॉवेल घालतात. नाकाने लांब श्वास घ्या. नुसतं बघायचं असेल तर पाच-दहा मिनिटांचं काम असतं.

आधी दात काढताना बधिर करायच्या इंजेक्शनचा त्रास झाला असेल, फिट येत असतील किंवा हार्टचं काही असेल तर स्प्रे मारायच्या आधीच सांगा. आणि झाल्यावर घसा कोरडा पडतो म्हणून लगेच पाणी पिऊ नका, बधिर घशात ते श्वासनळीत जाऊ शकतं. मला तासभर थांबवलं, मग आधी एकच घोट गार पाणी, ठसका लागला नाही तेव्हा कुठे चहा दिला, तोही कोमट करून.