गॉनगूझलर: रिकामटेकडा, पण निरुपद्रवी

प्रश्न असा आहे: ‘आजचा इंग्रजी शब्द’ छापाच्या एका चित्रात ‘गॉनगूझलर’चा अर्थ ‘बायकांकडे टक लावून बघणारा’ असा दिला होता. तो बरोबर आहे का, आणि हा शब्द आला कुठून?

साफ चूक. तसल्या माणसाला इंग्रजीत ‘ओगलर’ म्हणतात. गॉनगूझलर म्हणजे आपला बघ्या. उच्चारात जोर ‘गू’वर.

छापील नोंद १९०४ ची. हेन्री रोडॉल्फ द सालिस हे कालव्यांवरून माल वाहणाऱ्या एका कंपनीचे संचालक. त्यांनी इंग्लंड-वेल्समधल्या कालव्यांची आणि नौकानयनायोग्य नद्यांची ‘ब्रॅडशॉ’ नावाची मार्गदर्शिका लिहिली आणि त्यात नावाड्यांच्या शब्दांची यादी दिली. तिथला अर्थ साधारण असा: काही वेगळं दिसलं की तिथेच बराच वेळ बघत उभा राहणारा रिकामटेकडा, चौकस माणूस. या व्याख्येत कालवा नाही! कालवा होता तो पुस्तकाच्या विषयात. पुढच्या कोशांनी तो उचलून अर्थात घातला आणि आता ‘कालव्याकडे बघणारा’ हाच अर्थ सगळीकडे फिरतोय. नावाड्यांना बघे कालव्याकाठीच भेटणार, दुसरीकडे कुठे?

आता मजेचा भाग. इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्याच्या बोलीत ‘गॉन’ म्हणजे टक लावून बघणं, आणि ‘गूझ’ म्हणजेही तेच. एकाच अर्थाचे दोन शब्द जोडायची खोड आपल्याला नवी नाही; बाजारहाट म्हणताना बाजारही आला आणि हाटही. कोश ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ म्हणून हात झटकतात, फार तर या दोन शब्दांशी ताडून पाहा म्हणतात. पण मग मधला ‘ल’ कुठला, हे कोण सांगणार? माझ्या मते तो इंग्रजीतला पुनरावृत्तीचा ‘ल’ आहे: स्पार्कचं स्पार्कल, क्रॅकचं क्रॅकल, तसं गूझचं गूझल, म्हणजे पुन:पुन्हा, बघतच राहणं. त्याला कर्त्याचा ‘अर’ लागला की झाला गॉनगूझलर. खुद्द द सालिस हा शब्द लेक डिस्ट्रिक्टचा मानला जातो असं लिहून गेले. ते इंग्लंडच्या वायव्येचं टोक, लिंकनशर पूर्व किनाऱ्याला. मला ते पटत नाही. लिंकनशरचं बोलणं नावाड्यांच्या तोंडी जायला फॉसडाइक कालवा आणि ट्रेंट नदी होतीच की!

बघ्यांना तिथे इतका वेळ काय दिसतं, हे लेस्टरशरमधल्या फॉक्सटनला कळतं. १८१४ पासून तिथे पाच-पाच लॉकच्या (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दारं असलेल्या हौदांच्या) दोन उतरंडी आहेत. दहा लॉकमध्ये बोट ७५ फूट चढते, आणि सगळं सुरळीत झालं तरी पाऊण तास सहज जातो. प्रत्येक टप्प्यावर पाणी सोडायच्या दोन झडपा: एक लाल, एक पांढरी. हातातल्या लोखंडी हँडलने आधी लाल उघडायची. शेजारच्या तळ्यातलं पाणी खालच्या लॉकमध्ये उतरतं. मग पांढरी, वरच्या लॉकचं पाणी रिकाम्या झालेल्या तळ्यात येतं. क्रम उलटा केला तर भरलेल्या तळ्यात आणखी पाणी पडतं आणि ते काठावरून वाहू लागतं. बघे बहुधा याचीच वाट बघत असतात.

क्रियापद ‘गॉनगूझल’ हे नामावरून मागाहून पाडलेलं आहे, पण चालतं. फक्त अपघात बघायला गाडी हळू करणाऱ्यांना ते लावू नका. त्यांच्यासाठी अमेरिकनांनी ‘रबरनेक’ दिलाय.