जव्हारची लोकसंख्या घटली नव्हती, तालुका कापला होता

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) फील्डवर्कसाठी जव्हार तालुक्याचा (आधी ठाणे, आता पालघर जिल्हा) भूगोल, लोक आणि अर्थव्यवस्था असा रिपोर्ट करायचाय, ठाण्याचे आकडे एक सांगतात, पालघरचे दुसरंच, आणि जिथे विचारायला गेलात तिथून "इथे नाही, तिकडे जा" एवढंच ऐकून परत आलात. २०१५ला मी अगदी इथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. जनगणनेचे तक्ते कुठे मिळतात, तहसील आणि पंचायत समितीत फरक काय, हे तुम्हाला माहीत असणार, ते सोडतो. आणि मी सरकारी माणूस नाही की अभ्यासक नाही, एका छोट्या संस्थेत चार वर्षं काम केलंय, त्यावरून सांगतोय. आकडे तुम्ही स्वतः एकदा तपासून घ्याच.

माझी चूक अशी. आम्हाला स्थलांतरित कुटुंबांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव द्यायचा होता. म्हणजे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले तरी पोरं गावातच राहून शाळेत जातील. मी १९९१ आणि २००१ची जनगणना शेजारी शेजारी ठेवली तर जव्हारची लोकसंख्या चांगलीच खाली आलेली दिसली. मला वाटलं स्थलांतराचा पुरावाच हाती लागला, पहिल्याच पानावर ठळक अक्षरात टाकलं की दहा वर्षांत तालुका रिकामा होतोय. बैठकीत एक निवृत्त तलाठी होते, त्यांनी पान बघून एकच विचारलं, "यात विक्रमगड कुठे धरलाय?"

१९९९ला विक्रमगड वेगळा तालुका झाला, मुख्यतः जव्हारचीच गावं काढून. माणसं कुठेही गेली नव्हती, रेघ सरकली होती. पहिलंच पान चुकलं म्हटल्यावर पुढच्या पानांवर कोण विश्वास ठेवणार, फाईल परत आली. सगळं नव्याने करेपर्यंत दिवाळी होऊन गेली होती, आणि ज्या चार पाड्यांसाठी हे चाललं होतं तिथली पोरं आईबापांबरोबर भट्टीवर गेली होती. त्यातल्या काहींची शाळा नंतर कायमचीच सुटली. ही गोष्ट मला अजून लागते. म्हणून कुठलेही दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी हद्द तीच आहे का ते बघा, मग बाकी सगळं.

जिल्ह्याच्या बाबतीत पण हाच घोळ आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, त्यामुळे २०११च्या जनगणनेत तो जिल्हा म्हणून नाहीच, सगळं ठाण्याच्या १ कोटी १० लाखांत आहे. आठ तालुक्यांची बेरीज केलीत तर २९,९०,११६ येते, पण त्यात एकट्या वसईचे १३,४३,४०२ आहेत. जव्हार १,४०,१८७ आणि मोखाडा ८३,४५३. आता ह्याची सरासरी काढून जव्हारला लावली तर काय होईल बघा, जिल्ह्यात आदिवासी ३७ टक्के दिसतात आणि जव्हारमध्ये नव्वदच्या वर आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. "पालघर जिल्ह्यात" असं वाक्य सुरू झालं की मला भीतीच वाटते, ते वाक्य बहुतेक वेळा वसई-विरारबद्दल असतं. अनुसूचित क्षेत्राची (आदिवासी भाग म्हणून घटनेनुसार जाहीर केलेल्या भागांची) १९८५ची यादी बघाल तर तिथेही विक्रमगडचं नाव सापडणार नाही, कारण तेव्हा तो तालुकाच नव्हता. गोंधळू नका.

दुसरी गोष्ट मला खूप उशिरा कळली. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या दिवसांत जव्हारची कितीतरी घरं कुलूपबंद असतात, काहींना तर नुसती दोरी बांधलेली असते. त्या वीस दिवसांत जे घरी आलेच नाहीत ते जिथे सापडले तिथे मोजले गेले, भिवंडीत, वसईत, कुठेतरी भट्टीच्या झोपडीत. किंवा सुटलेही असतील. म्हणजे माझ्या मते जव्हारचा आकडा कमीच धरायला हवा, किती कमी ते छातीठोक सांगता येणार नाही. पुढची मोजणी पण फेब्रुवारी २०२७लाच आहे, ज्यांची कुठे ओळख असेल त्यांनी हा मुद्दा आत्ताच मांडावा असं मला मनापासून वाटतं.

आता ऑफिस. नाव लिहीत नाही, लिहून उपयोग नाही. मला पाड्यांची यादी हवी होती. जनगणना महसुली गाव मोजते, पण माणूस राहतो पाड्यावर, एका गावाचे सात-आठ पाडे, दोन पाड्यांमध्ये ओढा आणि चढ. गावात विहीर आहे असं कागदावर असतं आणि शेवटच्या पाड्याची बाई दीड तास चालत असते. यादी त्यांच्याकडे होती, मला कपाटातलं रजिस्टर समोर दिसत होतं, हिरव्या कापडात बांधलेलं. पहिल्यांदा म्हणाले ठाण्याला जा. ठाण्यात म्हणाले जिल्हा वेगळा झाला, पालघरला जा. पालघरला सांगितलं दप्तर अजून आलेलं नाही, तालुक्यालाच मिळेल. तीन फेऱ्यांत पाच दिवस गेले आणि शेवटी ती यादी मला एका आशाताईच्या (गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या) वहीत मिळाली, घरटी नावांसकट, कोण भट्टीवर, कोण रेतीवर, कोण गरोदर सगळं पेन्सिलीने. (नावं रिपोर्टमध्ये टाकू नका, फक्त संख्या घ्या.) तुम्ही सरळ आशाताई आणि अंगणवाडीताईंकडूनच सुरुवात करा, ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाकून ठेवा आणि विसरा.

भूगोल फार लांबवू नका. सह्याद्रीच्या माथ्यालगतचा साडेचारशे मीटर उंचीचा डोंगराळ भाग, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तरी मार्च-एप्रिलपासून टँकर. पाणी उतारावरून, कातळावरून निघून जातं. शेजारच्या मोखाड्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, ते पाणी मुंबईला जातं. हे एक वाक्य रिपोर्टमध्ये असू द्या.

अर्थव्यवस्थेत "शेती व शेतमजुरी" लिहून मोकळे होऊ नका. सखल खाचरात भात, वरकस म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर नागली आणि वरई, सगळं पावसावर, घरचं धान्य किती महिने पुरतं हे विचारा, त्यातच सगळं उत्तर आहे. अलीकडे मोगरा लावलाय बऱ्याच जणांनी, पहाटे कळ्या तोडून दादरच्या फूलबाजारात जातात, त्यामुळे काही घरं बाहेर जायची थांबली आहेत, हे जरूर लिहा. आणि तिथे कोणी "स्थलांतर" म्हणत नाही, "जगायला जातो" म्हणतात. तुम्ही प्रश्नावलीत "स्थलांतर करता का" विचारलंत तर नाही म्हणतील, आम्हाला पहिल्या वीस घरांनी नाहीच म्हटलं होतं. "औंदा जगायला कुठे गेलेला?" विचारा, आणि मग उचल (कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) किती घेतली, कोणी दिली ते.

जमलं तर होळीच्या आधीचे दोन दिवस जव्हारच्या एसटी स्टँडवर बसा. सणाला बहुतेक सगळे घरी येतात. भट्टीची लाल धूळ केसांत तशीच असते, डोक्यावर पातेली, एखादीच्या हातात टोपलीखाली कोंबडी, मधे लहान पोरं. मी तिथे वहीत नुसत्या रेघा मारल्या होत्या, मोठी माणसं वेगळी, शाळेच्या वयाची पोरं वेगळी. दुसऱ्या वेळचा प्रस्ताव त्या रेघांवर पास झाला.

पाड्यांवर जायला जीप दुपारी चारनंतर मिळत नाहीत, परतीचं आधी ठरवून जा. काही अडलं तर इथेच विचारा, रात्री बघतो मी.