मुलीचे माध्यम बदलावे का? समुपदेशन कक्षातील एक अनुभव

चौथीचे वर्ष संपत आले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मुलाला मराठी माध्यमात ठेवून आपण त्याचे नुकसान तर करत नाही ना? मागे आलेल्या एका जोडप्याने मुलीला पाचवीपासून इंग्रजी शाळेत घालायचे जवळजवळ पक्के केले होते. पुढे तिला विज्ञान झेपणार नाही, ही त्यांची धास्ती होती. मटकीला मोड येतात तेव्हा आधी काय फुटते, असे मी मुलीला विचारले. तिने मूळ कसे खाली वळते ते बोट वाकवून दाखवत सांगितले. तोच प्रश्न इंग्रजीत विचारताच तिने पाठ केलेली व्याख्या म्हटली आणि आईकडे पाहिले.

वडिलांना शास्त्रज्ञांचे दाखले प्रिय होते, म्हणून मी जगदीशचंद्र बोस यांच्या शाळेचा विषय काढला. त्यांचे वडील भगवानचंद्र फरीदपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. इंग्रजी शाळा सहज परवडत असतानाही त्यांनी मुलाला बंगाली पाठशाळेत घातले, जिथे त्याच्या एका बाजूला वडिलांच्या चपराशाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. या सोबत्यांकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टींनीच बहुधा निसर्गाविषयीचे आपले कुतूहल जागे केले, असे बोस यांनी 1915 मधील एका भाषणात सांगितले होते.

मात्र दाखला इथेच थांबवला (आणि तो बहुधा इथेच थांबवला जातो) तर अर्धवट राहतो. 1869 मध्ये बोस कलकत्त्याच्या हेअर स्कूलमध्ये आणि तिथून सेंट झेवियर्समध्ये गेले. पुढे कॉलेजात फादर लाफाँ यांच्यामुळे त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लागली आणि त्यानंतर ते केंब्रिजला शिकले. म्हणजे इंग्रजी त्यांनाही शिकावीच लागली, फक्त ती विचार करायची सवय लागल्यानंतर आली. शिवाय मुलाच्या प्रश्नांना वेळ देणारे, शिकलेले वडील घरात होते. त्यामुळे एकट्या बोसांवरून माध्यमाचा निकाल लावता येत नाही. इंग्रजी उशिरा आली की विज्ञान हातचे गेले, ही भीती मात्र त्यांच्या उदाहरणापुढे टिकत नाही.

त्या जोडप्याने अखेर त्याच शाळेतील सेमी-इंग्रजीची तुकडी निवडली. विज्ञानाचा धडा घरी आधी मराठीतून समजून घ्यावा आणि मगच इंग्रजी संज्ञांकडे वळावे, एवढे मी सुचवले. पहिल्या चाचणीत गुण घसरल्यावर वडिलांचा काळजीचा फोन आला, तेव्हा मी उत्तरपत्रिका घेऊन यायला सांगितले. चुका जवळजवळ सगळ्या स्पेलिंगच्या निघाल्या.