साखरेचे जलअपघटन आणि अभिक्रियेची कोटी

प्रश्न (एक विद्यार्थिनी, बडोदे): साखरेच्या जलअपघटनात (पाण्याशी अभिक्रिया होऊन साखरेचा रेणू फुटतो त्यात) पाण्याचा रेणूही खर्च होतो, तरी ही अभिक्रिया प्रथम कोटीची का मानतात?

उत्तर: कोटी म्हणजे अभिक्रियेचा वेग पदार्थांच्या संहतीच्या (द्रावणातल्या प्रमाणाच्या) कितव्या घातावर अवलंबून असतो तो आकडा; तो समीकरणातले रेणू मोजून ठरत नाही, प्रयोगानेच काढावा लागतो. लिटरभर पाण्यात सुमारे ५५ मोल पाणी असते आणि त्यातले इतके थोडे खर्च होते की त्याची संहती जवळपास स्थिर राहून वेगस्थिरांकातच (वेगाच्या सूत्रातल्या स्थिर गुणकातच) सामावून जाते, म्हणून हिला छद्म (वरवर दिसणाऱ्या) प्रथम कोटीची म्हणणे अधिक नेमके. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये हीच अभिक्रिया अभ्यासली: ध्रुवणमापीत (द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणात) आधी उजवीकडे वळलेले प्रकाशाचे प्रतल साखर फुटत जाते तसे डावीकडे झुकते. अभिक्रियेचा वेग वाढवण्यासाठी घातलेल्या आम्लाची संहती बदलली की वेगस्थिरांकही बदलतो, आणि बडोद्याच्या मे महिन्यातला आकडा जानेवारीतल्या आकड्याशी जुळणार नाही. तेव्हा तापमान शेजारी अवश्य लिहावे.