कार्ड नवे, कुलूप जुनेच : पुरवठादाराचा शेवटचा हप्ता रोखता येईल का?

प्रश्न : आमच्या कार्यालयीन इमारतीतील गाळेधारकांच्या संस्थेचा मी सचिव आहे. जुनी प्रवेश कार्डे बदलून ‘सुरक्षित स्मार्ट कार्ड व मोबाइलद्वारे प्रवेश’ ही व्यवस्था बसवण्याचे काम आम्ही एका पुरवठादाराला दिले. काम होऊन पाच महिने झाले. गेल्या आठवड्यात एका गाळेधारकाने आपल्या कार्डाची नक्कल करून मुख्य दार उघडून दाखवले. पुरवठादार म्हणतो की कार्डे कराराप्रमाणेच दिली आहेत, आणि कार्डांच्या डिजिटल चाव्या (कार्डे तयार करण्यासाठी लागणारे गुप्त संकेतांक) तो आमच्या हवाली करत नाही. त्याचे मोबाइल ॲप स्थान आणि संपर्क यादी मागते, म्हणून काही कर्मचारी ते घेण्यास नकार देतात. शेवटचा वीस टक्के हप्ता रोखावा का? ॲप सक्तीचे करता येईल का?

उत्तर : हप्त्याविषयी बोलण्याआधी एक विनंती करतो. हे पत्र वाचल्यावर पहिले काम म्हणून पुरवठादाराला लेखी तक्रार पाठवा. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे, माल नाकारत असल्याचे न कळवता खरेदीदाराने तो वाजवी काळापलीकडे ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते. पाच महिन्यांच्या वापरानंतर माल नाकारण्याचा हक्क बहुधा हातातून गेलेला आहे, परंतु भरपाईचा आणि किंमत कमी करून मागण्याचा हक्क गेलेला नाही, आणि दोष कळल्यानंतरचे आपले मौन तोही कमकुवत करील.

आता दोष नेमका कोठे आहे ते शोधावे लागेल, कारण सगळा दावा त्यावरच उभा राहणार आहे. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुनी साधी कार्डे रीडरजवळ, म्हणजे दारावरच्या कार्ड वाचणाऱ्या यंत्राजवळ, नेताच आपला क्रमांक उघडपणे सांगतात, त्यामुळे त्यांची नक्कल सहज होते. १३.५६ मेगाहर्ट्झची स्मार्ट कार्डे अधिक सक्षम असतात, पण सरसकट सुरक्षित नसतात. ‘मायफेअर क्लासिक’ या कार्डातील ‘क्रिप्टो-१’ हे ४८ बिटांच्या चावीचे कूटलेखन (माहिती गुप्त संकेतांत बदलण्याची पद्धत) संशोधकांनी २००८ पर्यंत भेदून दाखवले होते, तर ‘डेसफायर’ मालिकेतील नवी कार्डे १२८ बिटांचे ‘एईएस’ नावाचे अधिक भक्कम कूटलेखन वापरू शकतात. तथापि माझ्या मते आपल्या प्रकरणातला खरा प्रश्न कार्डाचा नसून रीडरच्या मांडणीचा असावा. उत्तम कार्ड दिले, पण रीडर त्यातला संरक्षित भाग न तपासता फक्त उघडा अनुक्रमांक वाचत असेल, तर एईएस असूनही उपयोग शून्य. किंवा स्थित्यंतरासाठी जुनी कार्डे वाचण्याची सोय चालू ठेवली आणि ती बंदच केली नाही, असेही घडते. अशी सोय काही काळ ठेवणे गैर नाही, मात्र ती चालू असेपर्यंत दाराची सुरक्षितता सर्वांत दुबळ्या कार्डाएवढीच असते. ती बंद करण्याची मुदत करारात नसेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४६ प्रमाणे काम वाजवी काळात पुरे करणे पुरवठादारावर बंधनकारक आहे. रीडरपासून कंट्रोलरपर्यंतची (दार उघडायचे की नाही ते ठरवणाऱ्या यंत्रापर्यंतची) जोडणी जुन्या ‘विगँड’ पद्धतीची आहे की कूटबद्ध ‘ओएसडीपी’ची, हेही तज्ज्ञाकडून लिहून घ्यावे, कारण विगँडच्या तारेतून क्रमांक उघडाच जातो.

‘कार्डे कराराप्रमाणेच दिली’ या उत्तराला मालविक्री कायद्याचे कलम १६ लागू पडते. खरेदीदाराने वापराचा हेतू विक्रेत्याला कळवला, त्याच्या कौशल्यावर विसंबला, आणि असा माल पुरवणे हा विक्रेत्याचा नेहमीचा व्यवसाय असला, तर तो माल त्या हेतूला योग्य असण्याची अट करारात न लिहिताही अध्याहृत असते. येथे एक सापळा आहे. कार्यादेशात आपण केवळ एखाद्या व्यापारी नावाचे कार्ड मागवले असेल, तर याच कलमातील अपवाद पुरवठादार पुढे करील. म्हणून कार्यादेशाइतकाच निविदेतला मजकूर, पुरवठादाराचे सादरीकरण आणि त्यापूर्वीचा ईमेल व्यवहार जपून ठेवा. ‘नक्कल होऊ नये म्हणून बदल करत आहोत’ असे एक वाक्य कोठे सापडले, तर ते फार मोलाचे ठरेल. हा करार मालाचा नसून सेवेचा आहे असा युक्तिवाद झाला, तरी करार कायद्याच्या कलम ७३ खालील भरपाईचा मार्ग खुला राहतोच.

हप्ता रोखता येईल, पण पूर्ण रक्कम अडवून गप्प बसू नका. मालविक्री कायद्याचे कलम ५९ हमीभंगाच्या बदल्यात किंमत कमी करून मागण्याची मुभा देते. त्यासाठी दोष दुरुस्त करण्याच्या खर्चाचा त्रयस्थ तज्ज्ञाकडून लेखी अंदाज घ्या, तेवढीच रक्कम वजा केल्याचे कारणांसह कळवा आणि उरलेली देण्याची तयारी नोंदवा. करारात दोषांसाठी नोटिशीची मुदत किंवा लवादाचे कलम असेल, तर तेच प्रथम पाळावे.

पुराव्याबाबत मला काळजी वाटते. उत्साहाच्या भरात कोणी दुसऱ्याच्या कार्डाची नक्कल करू नये, कारण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ परवानगीवाचून केलेल्या प्रवेशाला आणि माहितीच्या नकलेला लागू होते. समितीच्या लेखी ठरावाने, स्वतःच्या कार्डावर, तज्ज्ञासमोर चाचणी घ्या, तिचे चित्रीकरण करा, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र त्याच वेळी तयार करून ठेवा.

चाव्यांच्या मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही. ज्याच्याकडे कार्डांच्या चाव्या, तोच नवे कार्ड तयार करू शकतो, म्हणजे आपल्या दाराचा अंतिम ताबा आज पुरवठादाराकडे आहे, आणि उद्या तो व्यवसायातून बाहेर पडला तर सर्व कार्डे पुन्हा विकत घ्यावी लागतील. करारात चाव्यांचा उल्लेख आहे का ते पाहा. त्या पुरवठादाराच्या मालकीच्या असे स्पष्ट लिहिले असेल, तर दावा कठीण आहे, आणि मग वाटाघाटीत हप्त्याच्या बदल्यात आपल्या संस्थेसाठी स्वतंत्र चाव्या तयार करून मोहोरबंद सुपूर्द करण्याची अट घालावी. करार मूक असेल, तर चाव्यांशिवाय व्यवस्था ठरल्या हेतूसाठी चालवता येत नाही, हा युक्तिवाद बळकट आहे.

ॲप सक्तीचे करू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे, आणि त्याच्या कलम ६ प्रमाणे संमती मुक्त, विशिष्ट आणि हेतूपुरत्या आवश्यक माहितीसाठीच असावी लागते. दार उघडण्यासाठी संपर्क यादी कशालाही लागत नाही, तेव्हा ती परवानगी काढून टाकण्यास सांगा. स्थानाचे थोडे वेगळे आहे. अँड्रॉइडच्या ६ ते ११ या आवृत्त्यांत ब्लूटूथने रीडर शोधण्यासाठी स्थानाची परवानगी मागावी लागत असे, मात्र आवृत्ती १२ पासून ब्लूटूथची वेगळी परवानगी आहे. त्यामुळे नव्या फोनवरही ॲप स्थान मागत असेल, तर कारण लेखी विचारा. नोकरीच्या प्रयोजनासाठी मालकाला कायद्यात काही सवलत आहे, परंतु आपली संस्था या कर्मचाऱ्यांची मालक नाही, म्हणून त्या सवलतीचा आधार आपण घेऊ नये. ज्यांना ॲप नको त्यांना कार्ड द्या. कोण कधी आत आले या नोंदी किती दिवस ठेवायच्या ते ठरावाने निश्चित करा. पुरवठादाराच्या सर्व्हरवरील नोंदींचीही जबाबदारी कलम ८ प्रमाणे आपल्यावरच येऊ शकते, हे त्याच्याशी लेखी करार करताना ध्यानात घ्या.

दोष कळल्याच्या दिवसापासून ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हा बचाव समितीला उरलेला नाही. तज्ज्ञाचा अहवाल येईपर्यंत जुनी कार्डे वाचण्याची सोय शक्य तेथे बंद करा, तोवर मुख्य दारावर ओळखपत्र पाहून प्रवेश द्या, आणि या उपायांच्या खर्चाच्या पावत्या वेगळ्या ठेवा, कारण करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई ठरवताना हानी कमी करण्यासाठी उपलब्ध असलेले उपायही विचारात घेतले जातात.