दोऱ्याने रक्त येतं, मग दोरा सोडू का?

प्रश्न : मी ५४ वर्षांची, बार्शीला राहते. सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मागच्या रिपोर्टात तीन महिन्यांची साखर ८.४ आली. दिवाळीला पुण्याहून लेक आली, तिने दातांत फिरवायचा दोरा आणला. फ्लॉस म्हणते ती त्याला. चार दिवस वापरला, रोज बेसिनमध्ये रक्त. यजमान म्हणाले, "दात कोरून कुणाचं पोट भरलंय का? फटी पडतील, बंद कर." केला बंद. आता लेक फोनवर रागावते, हिरड्यांमुळे साखर वाढते म्हणते. दातांचा आणि साखरेचा काय संबंध? सकाळी मिश्री लावायची सवय आहे, पण थोडीशीच.

उत्तर : ताई, दोरा पुन्हा हातात घ्या. निरोगी हिरडीजवळ दोरा हलक्या हाताने फिरवला तर रक्त येत नाही. सुजलेल्या हिरडीला नुसता स्पर्श झाला तरी येतं. सूज तुमच्याकडे आधीपासून होती, दोऱ्याने ती दाखवून दिली एवढंच.

ब्रशचे केस दातांच्या पुढच्या-मागच्या बाजूंना आणि चावायच्या भागाला पोचतात. दोन दात एकमेकांना टेकतात तिथे ते शिरत नाहीत. तिथे जंतूंचा चिकट थर बसतो, आणि काही दिवसांत तोच टणक होऊन त्याचं कीटण होतं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हेराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्याही झाल्या. म्हणजे नुसती सूज मागे फिरते. पण ती वर्षानुवर्षं राहिली आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजलं, की ते हाड पहिल्यासारखं भरून येत नाही. पायोरिया म्हणतात तो हाच. त्यात बहुधा दुखत नाही, म्हणून माणसं दात हलायला लागल्यावरच माझ्या खुर्चीत येतात.

आता साखर. लेकीचं बरोबर आहे. साखर चढलेली असली की शरीराची जंतूंशी झुंजायची ताकद कमी पडते आणि हिरडी लवकर बिघडते. उलट बाजूने, हिरडीतल्या जुनाट सुजेतून निघणारी द्रव्यं रक्तात मिसळतात आणि इन्सुलिनचं काम अवघड करतात. मधुमेह्यांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले, तर तीन-चार महिन्यांनी त्या रिपोर्टातला आकडा सरासरी ०.४ च्या आसपास खाली येतो. तेवढ्यावर गोळी बंद करता येत नाही, पण तुमच्या ८.४ मधून एवढे उतरले तर तुमचे डॉक्टर नक्कीच खूश होतील.

हृदयाचंही कुणी सांगेल. हिरड्या खराब असलेल्यांत हृदयविकार जास्त आढळतो हे खरं. पण तंबाखू आणि मधुमेह ही कारणं दोन्हीकडे समान आहेत. हिरडी बरी केली की झटका टळतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. हृदयाचं चित्र दाखवून स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढणं, विकायचं मला जमत नाही.

यजमानांच्या फटींबद्दल. दोऱ्याने फटी पडत नाहीत. स्केलिंगनंतर फट दिसते, कारण आधी तिथे कीटण भरलेलं होतं आणि सूजही होती. दोन्ही गेल्यावर झिजलेली जागा उघडी पडते.

दोरा घ्यायचा हातभर, साधारण ४५ सेंमी. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, मध्ये दोन बोटं जागा सोडायची. करवतीसारखा हळूच आत न्यायचा, झटका द्यायचा नाही. झटक्याने मात्र हिरडी खरंच कापते. आत गेल्यावर एका दाताला कवटाळून वर-खाली, मग शेजारच्या दाताला तसंच. रात्री झोपायच्या आधी एकदा पुरे. शिवणाचा दोरा, टाचणी, काडी नको. मोठ्या फटी असतील तर दातांमधला छोटा ब्रश दोऱ्यापेक्षा सोपा पडतो. कुठल्या मापाचा ते दंतवैद्य पाहून सांगतील. खरं सांगू, कॉलेजात रुग्णांना दोरा शिकवणारी मी स्वतः चाळिशीपर्यंत तो वापरत नव्हते. कंटाळा हेच कारण, दुसरं काही नाही.

दोऱ्याने हिरडीखालचं कीटण निघत नाही, म्हणून दंतवैद्याकडे जायलाच हवं. साखरेचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्या सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अम्लोडिपिनने, काहींच्या हिरड्या फुगतात. तीही असेल तर दाखवा.

आणि ती पत्राच्या शेवटी लिहिलेली मिश्री. "थोडीशीच" म्हणता, पण ती भाजलेली तंबाखू आहे आणि रोज थेट हिरडीवर चोळली जाते. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या खाली सरकलेल्या, मुळं उघडी पडलेली मी नेहमी पाहते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. गालात किंवा हिरडीवर पांढरा चट्टा असेल, तर दंतवैद्याने विचारायची वाट पाहू नका, तुम्हीच दाखवा.